आवाज येतो, चित्र नाही : ३२ इंची एलईडी टीव्ही घरी उघडावा का?

सुईदोरा (वाई) · गुरुवार, रात्री १०:२०

नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहितेय. नेमकं कुणाला विचारावं कळत नव्हतं.

आमचा ३२ इंची एलईडी टीव्ही २०१८ च्या दिवाळीत घेतलेला. सोमवारी संध्याकाळी कीर्तन चालू असताना पडदा एकदम काळा झाला. आवाज मात्र चालूच. बुवा बोलतायत, टाळ वाजतायत, रिमोटने चॅनेल बदलतंय, आवाज कमी-जास्त होतोय, फक्त चित्र नाही. बंद करून परत लावला की अर्धा सेकंद पडदा उजळल्यासारखा होतो आणि पुन्हा अंधार.

मंगळवारी एका दुरुस्तीवाल्यांना बोलावलं. त्यांनी मागचं झाकणसुद्धा काढलं नाही. लावून बघितला, बंद केला आणि म्हणाले, "पॅनेल गेलंय. साडेआठ हजार लागतील, त्यापेक्षा नवाच घ्या." येण्याचे दोनशे घेतले. दोनशेचं काही नाही, पण न उघडता त्यांना आतलं कसं कळलं हे माझ्या मनातून जात नाही.

घाई एवढ्याचसाठी की माझे सासरे, आम्ही त्यांना आबा म्हणतो, दोन वर्षांपासून अर्धांगाने अंथरुणावर आहेत. उजवा हात चालत नाही, डावा थरथरतो, त्यामुळे मोबाईल धरता येत नाही. सकाळी कीर्तन, मॅच असली तर मॅच, सातच्या बातम्या, असा त्यांचा दिवस जातो. गेले तीन दिवस ते काळ्या पडद्याकडे तोंड करून नुसता आवाज ऐकतायत. मध्येच विचारतात, "कोण आउट झालं गं?" मी मशीनवरून उठून येते, आणि मलाही दिसत नाही.

मी शिवणकाम करते. माझं मशीन मीच उघडते. तेलपाणी, टायमिंग, मोटरचे कार्बन, सगळं हाताखालून गेलंय. हात स्थिर आहे. मुलाने शाळेच्या प्रकल्पासाठी घेतलेला मल्टिमीटर घरात पडून आहे. मला एवढंच सांगा, हे खरंच पॅनेल आहे का, आणि नसेल तर माझ्यासारखीने हे उघडावं का? शॉकची भीती वाटते, ते आधीच सांगते.

ठाणेकर७२ · गुरुवार, रात्री १०:४१

ताई, सात वर्षं चालला म्हणजे पैसे फिटले. ३२ इंची नवा आता फार महाग राहिला नाही, हप्त्याने मिळतो. वीजेशी खेळू नका, घरात आजारी माणूस आहे.

चिपळूणचा कारागीर · गुरुवार, रात्री ११:१५

सुईदोराताई, पॅनेल, म्हणजे चित्र उमटतं ती पडद्याची काच, गेलेलं नाही असं मला नव्वद टक्के वाटतं. उरलेले दहा टक्के तुम्ही आज रात्रीच तपासू शकता, आणि त्याला स्क्रूही काढावा लागत नाही.

खोलीतले सगळे दिवे मालवा. टीव्ही चालू करा, आवाज येऊ दे. मोबाईलची बॅटरी लावून पडद्याला अगदी लगटून, तिरकी धरा आणि हळूहळू फिरवा. चॅनेलचा शिक्का ज्या कोपऱ्यात असतो तिथे आधी बघा. अंधुक का होईना, चित्र हलताना दिसलं तर पॅनेल शाबूत आहे. आमच्याकडे कोकणात पिंगुळीला चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करतात. पडद्यामागचा दिवा विझला तर बाहुली जागेवरच असते, नाचतही असते, पण प्रेक्षकाला दिसत नाही. तुमच्या टीव्हीचं तेच झालंय. एलसीडीच्या काचेला स्वतःचा उजेड नसतो. तिच्या मागे एलईडीच्या पट्ट्या असतात, त्याला बॅकलाइट म्हणतात. आपण ज्याला एलईडी टीव्ही म्हणतो तो म्हणजे एलईडीचा बॅकलाइट असलेला एलसीडी टीव्ही.

तुम्ही लिहिलेली अर्ध्या सेकंदाची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. पट्ट्यांवरचे एलईडी एकामागोमाग एक जोडलेले असतात, गणपतीच्या जुन्या तोरणासारखे. एक उडाला की सगळी माळ विझते. बोर्ड पट्टीला वीज देतो, माळ तुटलीय किंवा अधूनमधून सुटतेय हे त्याच्या लक्षात येतं, आणि तो बॅकलाइट बंद करतो. आवाजाचा आणि चॅनेलचा भाग वेगळा, म्हणून तो चालूच राहतो.

आता शॉकचं. भीती वाटते हे चांगलं आहे, ती ठेवा. आपली २३० व्होल्टची वीज टीव्हीत शिरली की डीसी होऊन साधारण ३२५ व्होल्ट होते आणि एका मोठ्या कपॅसिटरमध्ये साठते. वायर जिथे बोर्डात येते, फ्यूजच्या जवळ, अंगठ्याएवढा काळा किंवा निळा डबा दिसेल. त्यावर ४०० किंवा ४५० व्होल्ट लिहिलेलं असतं. प्लग काढल्यावरही त्यात चार्ज राहू शकतो. म्हणून प्लग भिंतीतून काढून पुढ्यात ठेवायचा, म्हणजे कुणी चुकून लावणार नाही. अर्धा तास थांबायचं. मग मल्टिमीटर डीसी १००० व्होल्टवर लावून त्या कपॅसिटरच्या दोन पायांवर मोजायचं. आकडा पाच-दहाच्या खाली असला तर पुढे जा. जास्त असला तर चार्ज उतरवायला २.२ किलोओहम, १० वॅटचा रेझिस्टर पकडीत धरून काही सेकंद दोन्ही पायांना लावायचा आणि परत मोजायचं. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करायचं नाही. ठिणगी उडते, पाय जळतात, डोळ्यालाही धोका.

एक गोष्ट तुम्ही घरी करायचीच नाही : झाकण उघडं असताना टीव्ही चालू करून बोर्डावर मोजमाप. आम्ही करतो, कारण रोजचं काम आहे. तुम्हाला त्याची गरजच नाही. पट्ट्या बंद टीव्हीत, वेगळ्या काढून तपासता येतात. त्यासाठी एलईडी टेस्टर नावाचं छोटं यंत्र मिळतं, सहा-सातशे रुपयांत. पुण्याला कुणी जाणार असेल तर बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळेल, मुंबईत लॅमिंग्टन रोडला. तेही जपून वापरा, त्याच्या दोन पिनांत उघड्यावर तीनशे व्होल्टच्या आसपास असतात. पिना हातात धरून बोलत बसू नका.

आधी बॅटरी लावून बघा आणि सांगा.

सुईदोरा (वाई) · गुरुवार, रात्री ११:५०

दिसलं!! आत्ताच बघितलं. कोपऱ्यातला चॅनेलचा शिक्का, आणि खाली पळणारी बातम्यांची पट्टी चक्क वाचता आली. आबा झोपलेत, नाहीतर त्यांनाच दाखवलं असतं. म्हणजे ते साडेआठ हजार कशाचे होते, दादा? मला आज झोप लागायची नाही.

रेवदंड्याहून · शुक्रवार, सकाळी ८:०५

मध्येच विचारतो, माफ करा. आमच्या टीव्हीत आवाजही नाही, चित्रही नाही. लाल दिवा सारखा उघडझाप करतो आणि टिक टिक आवाज येतो. हीच पट्टी का?

चिपळूणचा कारागीर · शुक्रवार, सकाळी ९:३०

रेवदंड्याहून, नाही, तुमचं दुखणं वेगळं. समुद्रकाठी असं फार बघतो. बहुतेक वेळा पॉवर सप्लायमधले छोटे कपॅसिटर, १००० मायक्रोफॅरड १६ किंवा २५ व्होल्टवाले, फुगलेले असतात. चांगल्याचं डोकं सपाट असतं, खराब झालेल्याचं पुरीसारखं वर येतं. बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढेच किंवा थोडे जास्त, आणि १०५ अंश लिहिलेलेच घ्या. बोर्डावर पांढरी बुरशी, झुरळांची घाण किंवा पाल चिकटून मेलेली दिसली तर तो फोटो टाका, मग बोलू. आणि टीव्ही कधी पुराच्या पाण्यात बुडाला असेल तर प्लग लावूच नका. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर आमच्या चिपळुणात लोकांनी टीव्ही उन्हात दोन दिवस वाळवले आणि लावले. पाणी वाळलं होतं, चिखल तसाच होता. जे टीव्ही धुऊन वाचले असते तेही त्यात जळाले. ते दिवस आठवले की अजून जिवाला लागतं.

सुईदोराताई, त्या माणसाने बॅटरी लावून बघायची तसदी घेतली नाही, एवढंच मी म्हणेन. ३२ इंचीचं पॅनेल बदलणं आता परवडतच नाही, म्हणून "पॅनेल गेलं" म्हटलं की गिऱ्हाईक पुढे काही विचारत नाही. आम्हा दुरुस्तीवाल्यांच्या धंद्यावर यानेच डाग लागतो.

आता काम. झाकणाचे स्क्रू सारख्या लांबीचे नसतात. स्टँडजवळचे लांब, मधले आखूड. लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर आतून पॅनेलला लागतो. कुठला कुठून निघाला ते लिहून ठेवा. एखादा स्टिकरखाली लपलेला असतो. झाकण अडकलं तर ओढू नका, स्क्रू राहिलाय असं समजा.

बोर्डाच्या वायरी काढायच्या आधी प्रत्येकीचा फोटो. मग पुढची चौकट. ती खटक्यांवर बसवलेली असते, जुनं एटीएम कार्ड घालून एकेक खटका सोडवायचा. खाली येतं ते पॅनेल, पातळ काच. तिच्या एका कडेला लांब बारीक बोर्ड असतो आणि काचेला तपकिरी फितींनी जोडलेला असतो. या फितींना घडी पडली की पडद्यावर उभ्या रेघा आल्याच, आणि त्या घरी काय, आमच्याकडेही निघत नाहीत. काच आणि तो बोर्ड एकत्र, एकाच वेळी उचलायचे. दोन माणसं, चार हात. पलंगावर सुती चादर अंथरून त्यावर ठेवा.

खाली पातळ दोन-तीन कागदांसारखे थर आणि एक जाड पांढरा प्लास्टिकचा पत्रा निघेल. त्यांचा क्रम आणि बाजू बदलायची नाही. एका कोपऱ्यात खूण करा. त्याच्या खाली पट्ट्या. प्रत्येक पट्टीवर छापलेला नंबर असतो, त्याच नंबरच्या घ्या. दिसायला सारखी पट्टी घेऊन चालत नाही, कारण ३ व्होल्टचे एलईडी वेगळे आणि ६ व्होल्टचे वेगळे. गेलेला एकच एलईडी बदलायचा किंवा तारेने त्याला वळसा द्यायचा सल्ला कुणी देईल. महिना-दोन महिने चालतं. बाकीचे एलईडीही तेवढेच तास जळलेत, मग परत सगळं उघडा. पूर्ण संच बदला, चार-पाचशे रुपयांचा आहे.

चष्मेवाली (डोंबिवली) · शुक्रवार, दुपारी १:१०

कारागीरदादांचं सगळं बरोबर, पण माझा अनुभव ऐका. मागच्या वर्षी ४३ इंची मी एकटीने उचलला. डाव्या हाताचा अंगठा काचेवर जरा दाबला गेला. पापड मोडावा तसा आवाज झाला, बस्स. पट्टी साडेसहाशेची होती, त्यात अख्खा टीव्ही गेला. तो सेकंद मला अजून आठवतो. त्यामुळे घरात दुसरं माणूस असेल तेव्हाच करा, घाईच्या दिवशी करू नका.

आणि ताई, तुमच्याकडे नायलॉन, जॉर्जेटचं कापड हाताळणं असतं, त्यावर स्थिर वीज फार. त्या दिवशी सुती कपडे घाला, बोर्डाला हात लावायच्या आधी नळाला किंवा लोखंडी खिडकीला हात लावा.

वाचणाऱ्या इतरांसाठी : टीव्ही वॉरंटीत असेल तर हे काहीही करू नका. कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. ग्राहक व्यवहार खात्याने २४ डिसेंबर २०२२ ला 'राइट टू रिपेअर' पोर्टलही सुरू केलंय.

सुईदोरा (वाई) · पुढच्या सोमवारी, रात्री ९:३५

झालं. टीव्ही चालू आहे. सगळं नीट सांगते, कारण तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत.

टेस्टर आमच्या ह्यांनी शनिवारी पुण्याहून आणला. शिरवळला कंपनीत असतात, सुट्टीच्या दिवशी मुद्दाम गेले. रविवारी आबांचं जेवण होऊन ते झोपल्यावर दुपारी दोनला बसलो. कपॅसिटर मोजला, चार व्होल्ट आला, तरी मी आणखी दहा मिनिटं थांबले. स्क्रू माझ्या बटणांच्या डब्यात ठेवले. त्यात चोवीस कप्पे आहेत, प्रत्येकात चिठ्ठी टाकली, "स्टँड डावीकडचा", "वर मधला" अशी. स्टिकरखालचा स्क्रू खरंच निघाला. दादा, तुम्ही लिहिलं नसतं तर मी ते झाकण मोडलं असतं.

काच मी आणि मुलाने उचलली. तो बारीक बोर्ड ह्यांनी दोन्ही हातांच्या तळव्यांवर धरला होता, बाळाला धरतात तसा. तिघंही श्वास रोखून होतो. पलंगावर ठेवली तेव्हा मुलाच्या कपाळावर घाम होता.

पट्ट्या तीन, प्रत्येकीवर सात एलईडी. पहिलीला टेस्टर लावला, सातही पेटले, आकडा २१ च्या थोडा वर. दुसरी पेटली, पण तिच्यातला एक एलईडी निळसर आणि मंद होता. तिसरी पेटलीच नाही, टेस्टरचा आकडा नुसता वर चढत गेला. मग एकेक एलईडी वेगळा तपासला. मधला, चौथा मेलेला. त्याच्यावरची गोल भिंगाची टोपी काढून बघितलं तर पिवळ्या चौकोनाच्या बरोबर मधोमध सुईच्या टोकाएवढा काळा ठिपका. तेवढाच. त्या ठिपक्यासाठी आबा आठवडाभर अंधाराकडे बघत होते. मी तो मुलाला दाखवला, ह्यांना दाखवला, आणि मला एकदम रडू आलं.

पट्ट्या दोन बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने बसवलेल्या होत्या. केस वाळवायच्या मशीनने गरम करून सोडवल्या. नंबरचा फोटो दाखवून साताऱ्यातून आज सकाळी संच आणला, चारशे ऐंशीला. बसवायच्या आधी नव्या तिन्ही पट्ट्या टेस्टरवर बघितल्या. एका पट्टीची टोपी आणतानाच निघाली होती. चिकटवायला फेव्हिक्विक घेतलं होतं, पण हात थांबला. ते काचेवर पांढरा धूर धरतं हे मला चष्म्याच्या काडीवरून माहीत होतं. ह्यांनी घरातला दोन नळ्यांचा एपॉक्सी काढून दिला, काडीच्या टोकाने तीन पायांना एकेक ठिपका लावला आणि दोन तास वाळू दिला. दादा, हे बरोबर केलं ना?

थर परत घालताना फुंकर मारायचा मोह होत होता, पण थुंकी उडेल म्हणून मऊ ब्रशने झटकले. तरीही खालच्या उजव्या कोपऱ्यात एक दोऱ्याचा तंतू राहिलाय, पांढरं चित्र आलं की दिसतो. शिवणाऱ्या बाईच्या घरात दोरा असणारच. तेवढ्यासाठी परत काच उचलायची नाही असं ठरवलंय.

झाकण पूर्ण लावून, सगळे स्क्रू बसवून मगच प्लग लावला. उजळला आणि उजळलेलाच राहिला. आबांना उशीला टेकवून बसवलं होतं. आज बातम्यांत पावसाची दृश्यं होती. त्यांनी बराच वेळ काही म्हटलं नाही, मग डाव्या हाताने मला आवाज कमी करायची खूण केली. आठवडाभर मोठाच ठेवला होता ना, ऐकूनच समजून घ्यायचं म्हणून.

चिपळूणचा कारागीर · सोमवार, रात्री १०:१०

ताई, वाचून फार बरं वाटलं. एपॉक्सी अगदी बरोबर. फेव्हिक्विकची वाफ भिंगावर पांढरट थर देते आणि पडद्यावर डाग दिसतो, ते तुम्ही ओळखलंत. तो दोरा राहू दे.

एक काम राहिलंय. सेटिंगमध्ये जाऊन बॅकलाइट बघा, तो बहुतेक १०० वर असेल. ब्राइटनेस नावाचा दुसरा पर्याय असतो, तो नव्हे. त्याने बहुतेक टीव्हींत फक्त चित्रातला काळेपणा बदलतो, पट्टीवरचा ताण कमी होत नाही. बॅकलाइट ६० वर आणा. एलईडी उष्णतेने मरतात, दिवसभर चालणाऱ्या टीव्हीला हे फार महत्त्वाचं. टीव्हीच्या मागे भिंतीपासून चार बोटं जागा ठेवा आणि वरच्या जाळीवर कापड टाकू नका.

सुईदोरा (वाई) · सोमवार, रात्री १०:३२

१०० वरच होता, ६० केला. रात्री डोळ्यांनाही बरा वाटतोय. जाळीवर क्रोशाचा रुमाल होता, तो काढला.

टेस्टर आता माझ्याकडे नुसता पडून राहील. वाई, पाचगणी, भुईंज, सातारा, या बाजूला कुणाचा टीव्ही असा काळा झाला असेल तर आधी बॅटरी लावून बघा आणि मला इथे निरोप टाका. टेस्टर घेऊन जा, काम झालं की परत आणून द्या. काच उचलायला माणूस कमी पडत असेल तर रविवारी दुपारी मी येईन.